रिकाम्या बसमधली खिडकी

संपाच्या पहिल्याच सकाळी मी कंपनीच्या बसनं कामावर गेलो.

आदल्या संध्याकाळी वाळूजला कारखान्यासमोर ठरलं होतं की उद्या बसमध्ये कुणी चढायचं नाही. आपापलं येऊन गेटबाहेर बसायचं. त्याला सगळ्यांत मोठ्यानं होकार देणारा मीच. पण पहिल्या पाळीच्या माणसाचे पाय झोपेतच चालतात. हर्सूलच्या नाक्यावर बस थांबली, मी चढलो. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झालो आणि नेहमीसारखा झोपलो. बाकीची बसही रिकामीच होती, हे ड्रायव्हरनं आत शेडपाशी हलवून उठवलं तेव्हा कळलं.

मागणी साधीच होती. दुष्काळाची वर्षं. शहर वाळूजच्या अंगानं पसरत चाललं होतं आणि नळ आटत चालले होते. कंपनीत टँकर रोज यायचा, ऑफिसपुढच्या हिरवळीवर फवारा उडायचा. आमच्या शेडमधला प्यायचा नळ मात्र कोरडा.

साहेबांनी मला केबिनमध्ये चक्क खुर्चीवर बसवलं. थंड पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

"शहाणा निघालास. आज मशीन चालू कर, तुला कायम करून टाकतो."

मी कंत्राटी. कायम व्हायचं म्हणून तर इतकी वर्षं मान खाली घालून राबत होतो. पाणी गटागटा प्यालो, खोटं कशाला सांगू? मग ग्लास ठेवला आणि उठलो. पुढं लोकांना सांगताना मी इथं एक जोरदार भाषण घालतो. खरं तर तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, जातो मी."

हिरवळीच्या कडेनं गेटकडं निघालो तर बाहेरून ओरडा सुरू.

"आला रे साहेबांचा जावई!"

"काय पाव्हणं, पाहुणचार झाला का?"

"झाला. आता सरका, बसू द्या."

सरकले. दिवसभर उन्हात बसलो.

घरी बायको नुकतीच टँकरवरून घागर भरून आली होती. मी सगळं सांगितलं. 'कायम'चं जरा हळूच. तिनं घागर खाली ठेवली.

"पाणी थंड होतं?"

"लई."

"मग तसलंच सगळ्यांना मिळेस्तोवर तिथनं उठायचं नाय. अन् उद्या सायकलवर जावा. डोळा लागला तर पडाल, म्हणजे जाग तरी येईल."