बनसाई आणि पुढचं पान

वैशाखातली सकाळची शाळा सुटत आली होती. मी फळा पुसत होतो, तेवढ्यात गावचा कोतवाल दारात येऊन उभा राहिला. एरवी हा माणूस अंगणापासूनच हाका मारत यायचा. काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाला, "मास्तर, श्रीपतदादा आडातून वर नाई आले. अन् कंदील घरी खुटीलेच हाये." हातातलं फडकं तिथेच टाकून मी निघालो. दादा गेले याचं दुःख सगळ्या गावाला झालं, पण खुंटीवरच्या कंदिलाचा पुरता अर्थ त्या क्षणी एकट्या मला कळला. तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या आमच्या गावात दादांचा वांगी-मिरचीचा मळा. तरुणपणी काही वर्षं ते बुलढाण्याला एका साहेबाच्या बंगल्यावर बागकामाला होते. साहेबाची बदली झाली तेव्हा मडमेनं जाता जाता त्यांच्या हातात मातीचा एक परळ ठेवला. त्यात वीतभर उंचीचं जपानी झाड होतं. पाच बोटांच्या तळव्यासारखं त्याचं पान, थंडी पडली की कुंकवासारखं लाल व्हायचं. असं मुद्दाम खुजं ठेवलेलं झाड म्हणजे 'बोनसाय', असं मडमेनं सांगितलं. दादांनी घरी आणून सांगितलं, 'बनसाई'. झालं! कौतिकावहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, ही रानातली कुणी देवीच वाटली आणि त्यांनी परळाला हळदकुंकू वाहिलं. खरा प्रकार मी पुढे समजावून सांगितला, पण तोवर बनसाई घरात पक्की बसली होती. ती लाल पानं मला मात्र कधी आवडली नाहीत. ओट्यावर कुणी तरी तळहात पसरून काही मागत बसलंय असं वाटायचं.

कुदळ धरून राठ झालेले दादांचे हात त्या झाडाला लागले की सोनाराचे व्हायचे. नवे कोंब नखानं खुडायचे, वर्षाआड मुळं धुऊन छाटायची, फांदीवर चिंधी गुंडाळून वरून कासाराकडची तांब्याची तार वळवायची आणि वळण बसलं की वेळेवर सोडवायची. "दादा, हा छळ आहे हो," मी एकदा म्हणालो. "छळ काऊन? तिले मारायचं नाई, फकस्त घाई करू द्याची नाई," ते म्हणाले. एका वर्षी एक तार सोडायची राहून गेली आणि सालीत रुतली. त्या दिवशी दादा जेवले नाहीत. मला तो वळ दाखवून म्हणाले, "पाहा मास्तर, आपण इसरलो का झाड ध्यानात ठेवते…"

बुलढाण्याच्या गारव्यात वाढलेलं झाड आमच्या उन्हाळ्यात तगायचं कसं? दादांनी युक्ती काढली. मळ्यात एक जुना कोरडा आड होता. त्याच्या निम्म्या खोलीवर, खोबण्यांत पाय देत पोचता येईल असा एक कोनाडा होता. चैत्र-वैशाखात परळ तिथे जायचा. सकाळी दादा उतरून पाणी घालत, दुपारी आडाचं तोंड झाकत. वहिनींना ते मुळीच पसंत नव्हतं. "आडात साती आसरा बाया असतात," त्या म्हणायच्या, "तिथं तुमी आणखी एक बाई नेऊन बसोली. एखाद्या दिवशी सोबत मागतीन." दादा हसायचे. पण उतरण्याआधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचे, तो जळत राहिला तरच पाय घालायचे. ही त्यांच्या वडिलांची शिस्त होती आणि वहिनींचा सगळा धीर त्या कंदिलावर होता.

दादांना वाचता येत नव्हतं, ऐकायची भारी हौस. धाडचा बाजार करून आले की शाळेच्या ओट्यावर बसायचे आणि मी शाळेतल्या पुस्तकाचं एक पान वाचून दाखवायचो. एक बाजार, एक पान, असा आमचा नेमच होता. यंदा चैत्रात जे पान आलं त्यावर होतं की झाडं हवा शुद्ध करतात. दादा खूश! "म्हंजे कंदिलाचं कामच काय? बनसाई हिरवी हाये, तं खालची हवा बरी हाये." मी काय करावं? मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "दादा, तुम्ही तर मलाच शिकवाल!" मग त्यांनी विचारलं, "पुढच्या पानावर काय हाये?" आमचा पत्त्यांचा डाव मांडून चारजण खोळंबले होते. "पुढच्या बाजारी," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं. पुढच्या बाजारी मी गावाला गेलो होतो, त्याच्या पुढच्या बाजारी दादांना मिरची तोडायची होती…

यंदा ऊन फार, म्हणून त्यांनी आडाच्या तळाला ओलं गवत टाकलं होतं आणि तोंडावर ओला कडबा रचला होता. आत ते सगळं कुजत राहिलं. आम्ही पोचलो तेव्हा कुणी तरी कंदील सोडला. कोनाड्यापर्यंत पोचायच्या आतच तो विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बादल्यांनी पाणी ओतून हवा हलवली, मग दादांना वर काढता आलं. शेवटी परळ आला. एकही पान कोमेजलेलं नव्हतं. मला त्या झाडाचा राग आला. झाडाचा तरी काय दोष म्हणा!

तेरावं झाल्यावर भेटायला गेलो. परळ ओट्यावर होता, तारेचा वळ तसाच. वहिनी कंदिलाची काच पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, झाड हवा शुद्ध करते हे त्याईनं मले सांगतलं होतं. त्या पुस्तकात कंदिलाचं काईच लिहेल नव्हतं काय?"

नव्हतं म्हणालो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं. पण माझ्यानं खोटं बोलवेना.

"होतं वहिनी. पुढच्याच पानावर."

"वाचा मंग."

पुस्तक पिशवीत होतं. अंधारात झाडंही माणसासारखाच श्वास सोडतात, कुजक्या पाल्याच्या विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून बघावा… दरवर्षी वर्गात घडाघडा म्हणून दाखवतो ते पान मी अडखळत वाचलं. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वात पेटवली आणि भर दुपारी तो जळता कंदील परळाशेजारी ठेवला.

मी उठलो. पायरी उतरताना मागून त्यांचा आवाज आला, "बाजाराच्या दिवशी येत जा मास्तर. आणखी पानं राह्यली असतीन."