कुत्र्याचं माप

मिस्त्रींचं आयुष्य दारं-खिडक्या करण्यात गेलं, पण कुणाच्या घरी माप घ्यायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुत्रं आहे का?" असलं तर ते जोडीदाराला पाठवत. सहा वर्षांचे असताना एका कुत्र्यानं त्यांची डावी पोटरी फोडली होती. पन्नाशी उलटली, तरी लांबून भुंकणं ऐकू आलं की तिथे मुंग्या येत.

आणि कुत्रं पाळलं ते त्यांच्या सख्ख्या बहिणीनं! ताई एकटीच राहायची. घरात दोनदा चोर शिरले, तेव्हा तिनं वासराएवढा काळा कुत्रा आणून मागच्या अंगणात बांधला. थंडी पडली आणि तो खोकायला लागला.

"घरात घेतलं तर मला धाप लागते रे," ताई फोनवर म्हणाली. "त्याला एक घर करून दे."

"तयार मिळतं की बाजारात."

"आणलं होतं, पत्र्याचं. दुपारी तव्यासारखं तापतं, रात्री बर्फ. आत पाऊल टाकत नाही तो."

मिस्त्रींना नाही म्हणवेना. ताईनं कुत्र्याला टेप लावली आणि ते फाटकाबाहेर उभे राहून आकडे लिहीत राहिले. घर फार ऐसपैस करून चालणार नव्हतं, अंगाची ऊब आतच राहायला हवी. उभं राहता, वळता, पाय पसरता आलं की पुरे. ओल लागू नये म्हणून तळ चार बोटं उचलला, वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून दार एका कडेला घेतलं. सगळे भाग दुकानातच तयार केले आणि एका दुपारी ताईच्या अंगणात नेऊन जोडले. कुत्रा समोरच्या कोपऱ्यात नळाशी बांधलेला होता. नजर मात्र यांच्यावरच.

"औषध घेऊन येते त्याचं, अर्ध्या तासात," ताई म्हणाली. "साखळी पक्की आहे, घाबरू नकोस."

छप्पर आवळून झाल्यावर मिस्त्रींनी सवयीनं आतून हात फिरवला. मागच्या फळीतून एक खिळा टोचला. कुत्र्याची पाठ नेमकी तिथंच घासणार. टोक घासायला कानस घेऊन ते पालथे पडले आणि कमरेपर्यंत आत शिरले. पाय बाहेर.

दोनदा कानस फिरली असेल नसेल, तोच फरशीवरून साखळी घासत येत असल्याचा आवाज आला. मग तो थांबला. डाव्या पोटरीवर गरम श्वास लागला.

मिस्त्रींच्या हातातली कानस गळाली. हाक मारावी तर ऐकायला कुणी नव्हतं. पाय ओढून घ्यावा तर तो पकडेल. लाकडाच्या त्या अंधारात त्यांना लहानपणचं दार दिसलं. त्या दिवशी दोघं पळत सुटली होती. ताई आधी घरात पोचली आणि भीतीनं तिनं आतून कडी लावली. ते बाहेरच राहिले.

कुत्र्यानं पोटरी हुंगली. मग सगळं वजन टाकून दोन्ही पायांवर आडवा झाला. तो खोकला की त्याचे दात आपल्या कातडीला लागतात असंच मिस्त्रींना वाटे. किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. शर्ट घामानं चिंब झाला होता.

फाटक वाजलं. "अगं बाई!" ताईच्या हातातली पिशवी पडली. "हलू नकोस रे. आले, आले मी."

तिनं नळावरून निसटलेली साखळी धरून कुत्र्याला ओढलं, खोलीत कोंडलं. मिस्त्री बाहेर सरकले, पण त्यांना उठता येईना.

"चावला?"

त्यांनी मान हलवली, नाही.

ताई त्यांच्याजवळ फरशीवरच बसली. "तेव्हा मी दार लावून घेतलं होतं," ती एकदम म्हणाली.

"आठ वर्षांची होतीस गं. तू तरी काय करणार?"

ताईनं त्यांच्या पोटरीवरचे काळे केस झटकले. मग मिस्त्रींनी विचारलं, "कोंडलंय ना नीट?"

"हो. का रे?"

"खिळा राहिलाय."

ते पुन्हा आत शिरले. कानस दोनदा बोटावर घसरली. पण खिळ्याचं टोक साफ होईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. ताई बाहेर त्यांच्या पायांशी उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी कुत्रा आपणहून त्या घरात जाऊन झोपला आणि पंधरा दिवसांत त्याचा खोकला गेला. मिस्त्रींची भीती मात्र तसूभरही हलली नाही. त्यानंतर त्यांनी ओळखीपाळखीत अशी आणखी पाच घरं करून दिली, पण प्रत्येकाला बजावून सांगितलं, "माप कागदावर लिहून आणा. कुत्रं आणू नका."