माघारी बोलवायची हाळी

दुपारची जेवणं उरकलीत, माणदेशातलं ऊन पत्र्यावर तडतडतंय आणि धुळा खताळ बाजेवर पडून डोळे मिटावेत की नाही या घोळात आहे. सव्वीस वर्षांनी गावी आलाय, जर्मनीतल्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहायला. नाव काय, तर ‘परतणं’! परवा विमान आहे. पहिल्या पानावर बापाची, आबांची हाळी उतरवलीय, मेंढरांना द्यायचे ती, लहानपणापासून कानात बसलेली. पुढची पानं कोरी. महिनाभर कोरी. माणूस डोकं आपटून घेईल, नाहीतर काय!

पापणी जड होते, आणि बाजेच्या कडेला आबा बसलेले असतात. दोन वर्षांपूर्वी गेलेले आबा. धुळा त्यांच्या मातीलाही पोचला नव्हता. त्यांच्या घोंगडीला मेंढरांचा वास येतोय.

“वाजीव की,” आबा म्हणतात.

पत्रा कुठला, आता डोक्यावर आभाळ आहे. माळावर काळ्या कोटातले वादक खुर्च्या टाकून बसलेत, त्यांच्या पायांमधून मेंढरं चरतायत. धुळा हात उचलतो. कर्ण्यांतून हाळी निघते आणि सगळी मेंढरं टेकडीपार निघून जातात.

“आरं लेका!” आबा कपाळावर हात मारतात. “ही तर सकाळी हाकलायची हाळी. जावा, लांब जावा, अशी.”

“मग माघारी बोलवायची?”

“ती तिन्हीसांजंची. तू तवा गावात पेटी शिकायला पळायचास.”

धुळा उचललेला हात खाली घेतो. सव्वीस वर्षं काळजाशी धरलं, ते हे?

“आबा, एकदा द्या. तुमच्यामागं कुणालाच येत नाही ती.”

“तुला दिली हुती की. तुजी यष्टी सुटली तवा.” आवाजात राग नाही, तेच सोसवत नाही. “तू मागं बगितलं न्हाईस.”

माळाचा एसटी स्टँड झालाय. आबा फलाटावरून पाठमोरे चाललेत. धुळा लाज सोडून रडतो, त्यांचे पाय धरतो. “आबा, पाया पडतो तुमच्या!” ते वळतात, तोंडाशी हात नेतात, आणि तोंड धुळाचं उघडतं.

जाग येते तेव्हा तो बाजेवर ताठ बसलाय. दारात आई. आबा गेल्यापासून अंथरुणाला खिळलेली म्हातारी चौकट धरून उभी आहे, एकटी.

“त्येंनी हाळी दिली न्हवं आत्ता? सांजची?”

आये, कशी होती गं ती, सांग! असं त्याला ओरडायचंय. पण घसा सोलवटून निघालाय, नुसती हवा बाहेर येते. ती त्याच्याकडे बघतही नाही.

“आले, आले मी,” माळाकडे तोंड करून ती म्हणते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. धुळा धावतो आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरतो.