नीराबाईने न ठेवलेला चिंचोका

रेवदंड्याच्या खाडीत थोडं आत गेलं की उजव्या हाताला एक गाव लागतं. तिथली नीराबाई तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढण्यात सगळ्या बायांची गुरू. ओहोटी लागली की काष्टा मारून चिखलात उतरायची आणि नुसत्या तळपायाने चाचपून सांगायची, इथे जिवंत शिंपल्या आहेत की रिकामी टरफलं. नवरा बोटीवर खलाशी होता, तो अकरा वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मुलगी दिघीला दिलेली. धाकटी जाऊ मनुबाई भिंतीला भिंत लावून राहते, पण तिच्याकडून मिठाचा खडा आणायचा म्हटलं तरी हिच्या जिवावर यायचं. मीठ संपलं तर बाई अळणी जेवायची. असल्या माणसावर माया करणं म्हणजे सोपं काम नव्हे.

या गावात प्रत्येक बाईचं तिसऱ्यांचं एक ठिकाण असतं आणि ते ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचं, ‘जेट्टीसमोर गावल्या चार.’ यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी ‘जेवलात का’ म्हटल्यावर आपण हो म्हणतो, तसंच ते. नीराबाईचं ठिकाण खाडीच्या वाकणापलीकडे, तिवरांच्या झाडीच्या आडोशाला होतं. तिथे जाताना ती मुद्दाम लांबचा वळसा घ्यायची, आणि परतताना पाटीत वरच्या थराला बारीक तिसऱ्या पसरायची, म्हणजे खालच्या अंगठ्याएवढ्या कुणाला दिसू नयेत. आपल्या या हुशारीचा तिला मनातून फार अभिमान होता.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर भक्ती नावाची मुलगी कॉलेजातून आली. खाडीतल्या तिसऱ्या वर्षागणिक लहान आणि कमी होत चालल्या होत्या, त्यावर तिला काम करायचं होतं. तिच्या कामाचं नाव ‘लिव्हिंग लॅब’. लॅब म्हटल्यावर पहिल्या दिवशी निम्म्या बाया रक्त तपासायचं म्हणून उपाशीपोटी आल्या. भक्तीने हसून समजावलं, “मावशी, इथे तपासणारे तुम्हीच आणि ठरवणारेही तुम्हीच. तुमची खाडी हीच प्रयोगशाळा. मी फक्त शिकायला आलेय.” बायांनी माना डोलावल्या. शिकायला आलेली मुलगी पहिल्याच ओहोटीला मांडीपर्यंत रुतली आणि नीराबाईने तिला ओढून काढलं. तेव्हापासून ती नीराबाईकडेच जेवायची.

मग नकाशा झाला. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीने खाडी काढली, आणि ज्या जागी तिसऱ्या जास्त मिळतात तिथे प्रत्येकीने चिंचोके ठेवायचे असं ठरलं. तेवीस बाया एकेक करून उठल्या आणि तेवीसही जणींनी चिंचोके जेट्टीसमोरच्या पट्ट्यावर ठेवले. आता तिथे वर्षानुवर्षं काही मिळत नव्हतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. पण आपलं ठिकाण झाकायला दुसरी जागा कोणती दाखवणार? त्यांतल्या अख्तरुन्निसाने तर आपली अख्खी मूठ तिथे रिकामी केली. भक्तीने उत्साहाने फोटो काढले.

पुढे ठरलं की सगळ्यात चांगला पट्टा दिवाळीपासून होळीपर्यंत बंद ठेवायचा, म्हणजे पिल्लं वाढतील. बायांनी एका आवाजात होकार दिला. या गावात इतक्या एकमताने दुसरी सभा कधी झाली नसेल. जेट्टीसमोर बांबू रोवले, त्यांना लाल फडकी बांधली, राखणीच्या पाळ्याही लागल्या. जिथे राखण्यासारखं काही नव्हतं तिथे चार महिने चोख राखण झाली.

होळीनंतरच्या अमावास्येला पाणी दूर हटलं तेव्हा पाइपांची चौकट त्या पट्ट्यातल्या चिखलावर ठेवून आतल्या तिसऱ्या मोजल्या. दहा चौकटींत मिळून तिसऱ्या निघाल्या तीन. भक्तीने तो आकडा वहीत लिहिला. संध्याकाळी नीराबाईच्या पडवीत तिने ताट बाजूला सारलं.

“माझंच काहीतरी चुकलं, मावशी. कॉलेजातले सर म्हणतात, इथलं काम थांबवून दुसऱ्या खाडीत जाऊ. आणि तुमच्या तिसऱ्या अशाच संपत जाणार.”

नीराबाईला कालवण कडू लागलं. पोरीचं काही चुकलेलं नव्हतं. पण खरं सांगायचं म्हणजे वाकणापलीकडचा पट्टा उघडा करायचा. तेवीस जणी तिथे उतरल्या तर आठ दिवसांत साफ होईल, आणि मग तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि न सांगावं तर खाडीच रिकामी होणार, मग झाकून ठेवलेल्या जागेचं तरी काय लोणचं घालायचं? तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही तेवढीच वाटली.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात भक्ती निरोपाचं बोलायला उभी राहिली, तेवढ्यात नीराबाई उठली.

“पोरी, तुजा नकाशा खोटा हाय. मी खोटा चिंचोका ठेवला. जेट्टीम्होरं काय पन न्हाय. माजं ठिकान वाकनापल्याड, तिवरांच्या मागं. तितं अजून मोठ्या गावतात.”

कुणीच चकित झालं नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या, आणि मनुबाई पदराआड हसली.

“वयनी, त्ये आमाला ठावं हाय.”

“काय ठावं हाय?”

“तुजं ठिकान. समद्यांना ठावं हाय. भावजी गेले तवा आमी ठरवलं, वाकनापल्याड कुनी पाय ठेवायचा न्हाय. त्ये वयनीचं.”

भक्तीची पेन्सिल थांबली. “म्हणजे तिथे अकरा वर्षं फक्त एकच बाई काढतेय? म्हणून तिथल्या मोठ्या!” आणि ती खाली बसून भराभरा लिहू लागली. जो प्रयोग तिला करायचा होता तो या बायांनी तिच्या आधीच करून ठेवला होता, आणि त्याला प्रयोग म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

नीराबाईला मात्र त्या मोजमापाशी देणंघेणं नव्हतं. अकरा वर्षं घेतलेले वळसे, पाटीवर पसरलेला बारीक थर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिचे डोळे भरले आणि रागही आला.

“मंग सांगितलं का न्हाईस, मने? अकरा वर्सं?”

“सांगितलं अस्तं तर तू तितं जायाची बंद झाली अस्तीस,” मनुबाई म्हणाली. “तुला कुनाचं घ्याला कदी जमलंय?”

नीराबाईने पदराने डोळे पुसले. ती खाली बसली. मग भक्तीला म्हणाली, “लिव. या बारीला वाकनापल्याडचा पट्टा बंद करा. तितली पिल्लं वाडली की समद्या खाडीत पसरतील.”

“आणि तोवर तुम्ही कुठे जाणार, मावशी?”

नीराबाईने जावेकडे पाहिलं. मग उठून ती तिच्याशेजारी जाऊन बसली.

“मने,” ती म्हणाली, “उद्याच्या ओहोटीला मला तुज्यासंगं घेशील?”