टॉवरच्या मीटिंगमध्ये पडलेलं प्लास्टर

छताचं प्लास्टर नवऱ्याच्या डोक्यावर पडलं आणि तो खुर्चीसकट खाली गेला. बेलापूरची आमची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर बांधायचा होता, त्याचीच मीटिंग आमच्या घरात चालली होती. अशा मीटिंगा कितीतरी वर्षं चालल्या होत्या. दर वेळी टॉवरला काहीतरी नवीन लागायचं. त्या दिवशी नकाशात टॉवरच्या गच्चीवर पोहायचा तलाव आला होता आणि आमच्या नळाला पाणी नव्हतं.

मी उठले, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काकू, हलवू नका त्यांना. आधी फोटो काढू. इमारत धोकादायक आहे याला पुरावा लागतो."

"रक्त येतंय ना फोटोत?" बिल्डरच्या माणसाने विचारलं.

"तुम्ही बसा त्या खुर्चीवर," मी म्हणाले. "वर अजून बरंच लोंबतंय."

शेजारणीने आणि मी नवऱ्याला रिक्षात घातलं. डोक्याला टाके पडले. फोटो मात्र चांगला आला. त्याच्या जोरावर इमारत रिकामी झाली, पाडलीही. आम्ही दिघ्याला भाड्याच्या खोलीत आलो. टॉवरच्या जागेभोवती अजून नुसते पत्रे ठोकून ठेवलेत. सेक्रेटरी वारले, शेजारीणही गेली. आम्ही नवरा-बायको जिवंत आहोत.