कारण अज्ञात

"डॉक्टरने लिहिलं नाही, ते घडलंच नाही," असं आक्का एकदा नव्या मुलींना शिकवताना म्हणाली होती, आणि मुलींनी माना डोलावल्या होत्या.

आक्का इस्पितळाच्या तळघरात बसते. तिथे खिडकी नाही. भिंतीतला पंखा दिवसभर घरघरतो. वर इमर्जन्सीत येऊन त्याच दिवशी घरी गेलेल्या रोग्यांची कागदपत्रं तिच्या पडद्यावर उतरतात. कुणाला काय झालं, कशानं झालं, ते वाचायचं आणि त्या आजाराचा ठरलेला नंबर, म्हणजे कोड, लावायचा. रोग्याचं तोंड तिने कधी पाहिलेलं नाही. नवरा चेष्टा करतो, "मला ताप आला तर तू आधी नंबर शोधशील." ती हसते. आणि खरंच शोधते.

आज दुपारी एक नाव आलं नि तिचा हात थबकला. दातदुखीचा माणूस. गेल्याच आठवड्यात ओठ सुजून आला होता. दाढेसाठी गोळी घेतली, मग सूज, असं नर्सने तेव्हा गोळीच्या नावासकट टिपलं होतं. डॉक्टरने नुसतं 'ॲलर्जी' लिहिलं. नर्सच्या शब्दावर कोड लावायचा नाही, हा नियम. डॉक्टरकडे खुलासा मागता आला असता. पण खुलासा येईपर्यंत फाईल तुंबते, आणि तुंबलेल्या फायली साहेब सगळ्यांदेखत वाचून दाखवतात. तेव्हा आक्काने 'कारण अज्ञात' लावलं होतं आणि पुढची फाईल ओढली होती.

आता ही आज सकाळची नोंद. या खेपेला घसाच आवळला होता. नर्सच्या टिपणाची जागा कोरी. बोलायला त्याला श्वासच नव्हता. डॉक्टर नवा. त्याने मागची भेट उघडली, तिथे नर्सचं टिपण नव्हे, आक्काचा कोड दिसला. त्यानेही कारण अज्ञातच लिहिलं. इंजेक्शन दिलं, सूज उतरली, माणसाला घरी सोडलं. दाढ ठणकतच होती, म्हणून शेवटच्या ओळीत गोळी. तीच.

आक्काने नोंदीतला फोन नंबर शोधला. तिने रोग्याच्या घरी फोन लावला. नुसती रिंग.

"कुणाला लावताय?" साहेब मागे उभे.

"हा माणूस ती गोळी घेईल, साहेब. तिच्यानेच सुजतोय तो."

"आक्का, आपण कधीपासून डॉक्टर झालो? रोग्याशी बोललात तर तुमची नोकरी जाईल, आणि मलाही घेऊन जाल. कोड लावा, पाठवा पुढे."

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी उचललं. बाईचा आवाज, दबका. "हळू बोला हं, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय. गोळी घेतली ना."

"उठवा त्यांना! आत्ताच्या आत्ता!"

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं गेली.

"अहो," लांबून हाक आली. जरा थांबून, मोठ्याने, "अहो!"

मग नुसतंच, "अहो, अहो, अहो..."

साहेबांनाही ऐकू गेलं. आक्काने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, पडद्यावरचा पत्ता पेनाने तळहातावर उतरवला, आणि ॲम्ब्युलन्स पाठवायला इमर्जन्सीच्या जिन्याकडे धावली.