औषधाची जागा

लाहूवर मी एकदाच ओरडले, आणि ते ओरडणं आता परत घेता येत नाही.

सरावलीजवळच्या एका पाड्यावरचा हा माणूस. उभा जन्म चिकूच्या वाड्यांत मजुरीत गेला. मी डहाणूच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. खाडीतल्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कुजक्या लाकडावर समुद्री बुरशी वाढते, तिचे नमुने मला हवे होते. मांडीभर चिखलात उतरायला कुणीतरी हवं, म्हणून लाहू आला. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "बाय, या सडक्या लाकडाचा काय करता?"

मी घाईत होते. म्हटलं, "यातल्या बुरशीत मेंदूची सूज उतरवणारं काही आहे का, ते बघतेय."

हातातलं लाकूड खाली ठेवायचंच तो विसरला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको बारकी तापाने फणफणली होती. मेंदूला सूज आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला, पण तेव्हापासून घरची माणसं तिला ओळखू येईनात. पूर्वी ती भर बाजारात "ए लाहू!" म्हणून हाक मारायची, लोक हसायचे. आता तीच त्याला "दादा" म्हणायची, वाटेत भेटलेल्या परक्याला म्हणावं तसं. "दादा, पानी देशील?" की हा मुकाट्याने तांब्या पुढे करायचा. तिने एकदा, फक्त एकदा, नावाने हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशीही नमुने आणू लागला. मी त्याला समजावलं का? नाही. आधी काचेच्या ताटलीतल्या पेशी, मग उंदीर, मग माणसं, मध्ये पंधरा-वीस वर्षं, तीही नशिबात असली तर. हे सगळं मला पाठ होतं. पण नमुने तो इतके छान आणायचा की मी गप्प बसले. याला स्वार्थ म्हणतात, दुसरा शब्द नाही.

अकरा नंबरच्या बाटलीतली बुरशी गुणाची निघाली. मुंबईच्या प्रयोगशाळेत सुजवलेल्या पेशींवर तिचा अर्क घातला, तर सूज उतरली. आनंदाच्या भरात मी ते लाहूला सांगून बसले. त्याने बाटलीला लांबूनच हात जोडले. मग दर आठवड्याला येऊन विचारायचा, "आमची बाटली बरी हाय ना?"

बाटली बरी राहिली नाही. पावसाळ्यात तिच्यात भलतीच बुरशी चढली आणि आमची मेली. पुन्हा त्याच जागेवरून आणणं भाग होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीत लाहूने सांगितलेली जागा होती: पुलाखाली, डाव्या अंगाला. मी स्वतः गेले, चपला हातात घेऊन गुडघाभर चिखल तुडवला. तिथे तिवराचं एक रोपटंसुद्धा नव्हतं.

लाहूला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाय, मीच आनून देतो. जागा सांगाची नाय."

त्याचा बाप भगत होता, झाडपाल्याची औषधं द्यायचा. त्याचा नेम असा की, आजाऱ्याला औषध चालू आहे तोवर ते कुठून आणलं हे तोंडाने बोलायचं नाही. बोललं की गुण जातो. लाहूच्या लेखी बारकीचं औषध माझ्या कपाटात चालूच होतं.

त्याने आणून दिलेल्या नव्या लाकडांवर ती बुरशी काही आली नाही. मला तिथलं पाणी, चिखल, आजूबाजूची झाडं, सगळं बघायचं होतं. तो तयार होईना. शेवटी माझा तोल गेला. एरवी मी त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी अरे-तुरेवर आले. "शुद्ध अडाणीपणा आहे हा! तुझ्यामुळे काम बुडालं. उद्यापासून येऊ नकोस."

तो गेला. दोन महिने मीही निरोप धाडला नाही. माझा ताठा, दुसरं काय!

मग एका सकाळी तो दारात उभा. डोकं भादरलेलं. बारकीला जाऊन बारा दिवस झाले होते.

"शेवटी ओळखलं का हो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाय. पानी मांगला. मंग बोलली, दादा, तू बरा मानूस हायस."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "चला बाय. ओहोटी लागलीय. जागा दाखवतो."

"नको, लाहू. माझ्यासाठी नेम मोडू नका."

"मोडत नाय. आता कोनाचा औषध चालू हाय?"

खाडीच्या आतल्या वळणावर, तीन जुन्या तिवरांच्या मागे, त्याने ते आडवं पडलेलं खोड दाखवलं. मग मला नीट लिहून घेता यावं म्हणून जागा कुठली ते त्याने मोठ्याने सांगितलं, दोनदा.